एका प्लॉटवर एकच बिऱ्हाड

सुभाष,

तेराव्याला तुझ्या कचेरीतली माणसं आली होती. पांढरे शर्ट घालून ओळीनं बसली आणि एकेकानं उठून तुझ्याबद्दल चांगलं सांगितलं. साहेबांनी कधी कुणाचा चहासुद्धा घेतला नाही, असं एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, बांधकामाच्या नियमातला कुठलाही शब्द विचारा, साहेब पुस्तक न उघडता त्याचा अर्थ सांगायचे. तुझ्या खुर्चीवर आता जो बसतो तो तर बोलता बोलता रडला. तुझी सुनीता तोंडाला पदर लावून ऐकत होती. मी आत ताटं पुसत होते. मला कुणी बोलायला सांगितलं नाही ते बरं झालं. मला जे बोलायचं होतं ते त्या माणसांना ऐकवलं नसतं. तुला ऐकवायचं होतं. आज तुला जाऊन दीड महिना झाला. आता बोलते.

आई गेली तेव्हा तू तीन वर्षांचा होतास आणि मी बारा. तुला कडेवर घेऊन मी भाकरी थापायला शिकले. हे मी तुला कधी ऐकवलं नाही. तुझी सवयच होती, असं काही निघालं की चप्पल घालून बाहेर पडायचं. आता ऐकवते, कारण आता तुला उठून जाता येत नाही.

माझं लग्न सोनपेठकडं झालं. चार वर्षांनी तू परभणीला आयटीआयत नकाशे काढायचं शिकायला गेलास. मेसचं जेवण तुला सोसेना, पोट धरून बसायचास. मी पहिल्या एसटीच्या कंडक्टरकडं तुझा डबा द्यायला लागले. ज्वारीच्या दोन भाकरी, कधी पिठलं, कधी वांगं, आणि कोपऱ्यात शेंगदाण्याची चटणी. सासू म्हणायची, "सून ह्या घरची हाय का तिकडची, त्येच कळंना." दोन वर्षं तो डबा गेला. एकदा डब्यात तू चिठ्ठी पाठवलीस : आक्का, चटणीत मीठ जास्त होतं. एवढीच. मी ती कितीतरी दिवस पोलक्यात ठेवून हिंडले.

मग तुला आपल्या नगरपालिकेत नोकरी लागली, बांधकाम परवानगीच्या टेबलावर. दिवाळीला आले की तू गावाचा विकास आराखडा फरशीवर अंथरायचास आणि मी त्याच्या चार कोपऱ्यांवर लोणच्याच्या बरण्या ठेवायचे. पिवळं ते रहिवासाचं, निळं ते दुकानांचं, जांभळं कारखान्यांचं, हिरवी सगळी शेती. तू मला बोट धरून गल्ल्या दाखवायचास. मी अंगणवाडीची बाई, माझ्या हातात नेहमी तक्ते आणि वह्या. रंगात वाटलेलं गाव मला फार आवडलं. आपल्यात हसणं झालं ते त्या कागदावर वाकूनच.

एकदा तू विचारलंस, "आक्का, घर म्हंजे काय, सांग बरं."

मी म्हणाले, "जिथं आपली कुणी वाट बघतंय ते."

तू खो खो हसलास. "आसं लिवलं तर कोर्टात टिकत न्हाई. राहणं, सैपाक आन् संडास, तिन्हीची सोय वेगळी असंल तर ते एक बिऱ्हाड. एवढंच. कुणी वाट बघो न बघो."

मीही हसले. मला वाटलं, केवढा हुशार झाला माझा भाऊ.

माझे मालक गेले आणि वर्षाच्या आत माझी अंगणवाडीची नोकरीही संपली. पुतण्यांनी माझ्या खोलीत आधी कापूस भरला, मग मला म्हणाले, काकी, तुमी भावाकडं जाऊन या थोडे दिवस. मी समजले. एक ट्रंक घेऊन एसटीत बसले. तू स्टँडवर येऊन उभा होतास. ट्रंक तू स्वतःच्या खांद्यावर घेतलीस, हमालाला हात लावू दिला नाहीस. ते मी विसरलेले नाही. पुढं जे झालं त्यानं ते पुसलं जात नाही आणि त्यानं पुढचंही पुसलं जात नाही.

घराच्या मागं मोकळी जागा होती, तिथं तू माझ्यासाठी खोली काढलीस. एक खोली, तिला लागून संडास-मोरी. गौसभाई मिस्त्री काम करत होते. मी रोज सकाळी जाऊन विटांवर पाणी मारायचे. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्यासाठी भिंत बांधत होतं. तू कचेरीत होतास तेव्हा मी गौसभाईंना म्हणाले, खिडकीखाली मला एक ओटा घालून द्या. त्यांनी विचारलं, "साहेबांनी सांगितलंय का?" मी म्हणाले, मला राहायचंय तर मीच सांगणार ना. त्यांनी हसून कडाप्पा बसवला. काळाभोर, हाताला गार. मी त्याच्यावर तळवा ठेवून किती वेळ उभी होते.

सहाव्या दिवशी तू जेवायच्या सुट्टीत आलास. खोलीत पाऊल टाकलंस आणि थांबलास.

"आक्का, ह्यो ओटा कुणी घालाय लावला?"

"मी."

"काढावा लागंल."

मला वाटलं तू थट्टा करायलास. तू कमरेची टेप काढलीस आणि ओटा मोजलास, जसं काही तो किती लांब आहे त्यावर काही अवलंबून होतं.

"ह्या प्लॉटवर एकच बिऱ्हाड मंजूर हाय. खोली झाली, संडास झाला, आता ओटा घातला की दुसरं बिऱ्हाड होतंय."

"मग संडास काढ," मी म्हणाले.

"आन् तू कुठं जाशील?"

"आन् शिजवू कुठं?"

"सुनीताच्या सैपाकघरात. तिथं काय परकं हाय का तुला?"

गौसभाई दारात उभे होते. ते म्हणाले, "साहेब, राहू द्या की. कोण बघायलंय मागं."

"मी बघायलोय," तू म्हणालास.

तुझ्यासमोर त्यांनी घण मारला. कडाप्पा दोनदा वाजला आणि तिसऱ्या घावाला तडकला. माझ्या हातात नवी शेगडी होती, बाजारातून त्याच सकाळी आणलेली. ती धरून मी कोपऱ्यात उभी राहिले, आणि तू मला म्हणालास, "ती माळ्यावर टाक." मग घड्याळ बघितलंस आणि कचेरीत गेलास. सगळं जेवायच्या सुट्टीत उरकलं.

तेव्हा मी तुझ्यावर रागावले नाही. खरं सांगते. अंगणवाडीत वर्षानुवर्षं घरोघरचा सर्व्हे केलेली बाई मी. कुटुंबं कशी मोजायची, तर आम्ही उंबऱ्यात उभं राहून एकच विचारायचो : चूल वेगळी आहे का? दोन भाऊ एका छपराखाली, पण चुली दोन, तर वहीत दोन कुटुंबं. तुझ्या पुस्तकात तेच आणि माझ्या वहीतही तेच. त्यातून त्याच वर्षी तू बाजारामागच्या गल्लीत नोटिसा काढल्या होत्यास. लोकांनी परसात खोल्या काढून, ओटे घालून भाडेकरू ठेवले होते. शांताबाईच्या घरी तर तू माणसं घेऊन स्वतः गेलास. भाडेकरणीची भांडी रस्त्यावर आणि आत घणाचा आवाज. कचेरीत कुणीतरी तुला बोललं असणार, आधी स्वतःचं मागचं अंगण बघा म्हणून. मी हे मनाशी जुळवलं आणि मला तुझा अभिमान वाटला. शेजारणींना सांगायचे मी, माझा भाऊ सख्ख्या बहिणीलासुद्धा सूट देत नाही.

मग नऊ वर्षं मी सुनीताच्या स्वयंपाकघरात शिजवलं. सुनीता वाईट नाही. पण स्वयंपाकघराला मालकीण एकच असते, दुसरी नुसती येऊन-जाऊन असते. गॅस पेटवायच्या आधी मी विचारायचे. मिठाचा डबा मी ठेवला तिथं कधी सापडला नाही. माझं पथ्याचं बिनतिखट वरण सगळ्यांचं झाल्यावर शेवटी. ताट घेऊन अंगण ओलांडून खोलीत यायचं, पावसात ताटावर दुसरं ताट झाकून. खोलीत पोचेपर्यंत भाकरी गार आणि कालवणावर साय. तू आत टेबलावर जेवायचास. "आक्का, हितंच बस की," म्हणायचास, नाही म्हणायचास असं नाही. पण त्या टेबलाला चार खुर्च्या, आणि तुम्ही तीन माणसं असलात तरी चौथीवर नेहमी कसल्यातरी फाइली.

मला ताप यायचा तेव्हा पेज मागावी लागायची. तू तापात कुणाकडं पेज मागितलीस का रे कधी? तू डोळे उघडायच्या आत मी आणून ठेवायचे.

पाचव्या वर्षी तुझ्या अमोलचं लग्न ठरलं. मुलीकडच्यांनी स्वच्छ सांगितलं, नव्या जोडप्याला वेगळी राहणी पाहिजे. तू वरचा मजला काढलास. दोन खोल्या, संडास-मोरी आणि पूर्वेच्या बाजूला चांगला लांबलचक ओटा, वर कपाटं, धुराडं. मी जिन्यावरून बघितलं आणि तुला विचारलं, "एका प्लॉटवर एकच बिऱ्हाड ना रे?"

तू नकाशाची सुरळी उघडलीस. तुझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. ओट्याच्या जागी तू लिहिलं होतंस : पॅन्ट्री.

"पॅन्ट्री म्हंजे काय?"

"जिथं सैपाक होत न्हाई. खालून शिजवून आणलेलं वर नुसतं वाढायचं."

वर नव्या सुनेच्या कुकरची शिट्टी झाली. आपण दोघांनी ऐकली. तू सुरळी गुंडाळलीस आणि रबर लावलंस.

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की नियम तुझ्या अंगात भिनला होता हे खरं नाही. नियम तुझ्या हातात होता. मुलासाठी तुला एक शब्द सापडला. पुस्तक न उघडता हजार शब्दांचे अर्थ सांगणारा तू, माझ्यासाठी तुला एक सापडला नाही. मी भांडले नाही. मी म्हणाले, "चांगलंय." आणि ताट घेऊन अंगणात उतरले. ते भांडण तिथंच राहिलं आपलं. कितीदा मनात पुरं केलं मी, रोज नवं उत्तर घेऊन. तुझी बाजूसुद्धा मीच बोलायचे. तू प्रत्येक वेळी हरायचास.

निवृत्त झाल्यावर दुसऱ्या वर्षी तुझा आवाज बसला. मग घास अडकायला लागला. दवाखान्यात सांगितलं, अन्ननलिकेचा कॅन्सर आहे, उशीर झालाय. घरी न्या, पातळ द्या, वेगळी खोली द्या, संडास जवळ असू द्या. खालच्या खोल्यांना संडास बाहेरच्या बाजूला, वर जायचं तर जिना. जवळ संडास असलेली खोली घरात एकच होती.

तू माझ्या खोलीत राहायला आलास. माझी बाज तुला दिली, मी खाली सतरंजी टाकली. सुनीता येऊन बसायची, पण तिला तुझ्याकडं बघवत नव्हतं, पदर डोळ्याला लावून उठायची. करायचं सगळं माझ्याकडं आलं आणि मला ते नको नव्हतं. तुझं तोंड पुसताना तू पुन्हा तीन वर्षांचा वाटायचास. दोन-दोन तासांनी काहीतरी पातळ लागायचं, ज्वारीची आंबील, मुगाचं कढण. मी आपण होऊन माळ्यावरची शेगडी काढली. पुसली, नवी नळी आणली. भिंतीपाशी स्टुलावर मांडायची आणि तुझ्या उशाशीच कढण करायचं, असं मी ठरवलं होतं. तुला विचारणारही नव्हते. मी तुला सगळं माफ केलं होतं, सुभाष. हे तुला माहीत असावं म्हणून सांगते. त्या सकाळी माझ्या मनात काही नव्हतं.

त्याच सकाळी अमोल म्हणाला, "आत्या, बाबांच्या कपाटातली घराची फाइल काढून ठेव बरं. बाबा हायेत तवरच त्यांच्या सह्या घ्याव्या लागतील."

मी फाइल काढली. मंजूर नकाशा वरच होता. तूच शिकवलेलं, म्हणून मला वाचता आला. रस्ता, फाटक, पुढची खोली, स्वयंपाकघर. मागची भिंत. आणि मागच्या भिंतीच्या पलीकडं काहीच नाही. तुटक रेघ, आणि तुझ्या अक्षरात : मागील सोडायची जागा. माझी खोली नव्हतीच. कोठी म्हणून नाही, गोठा म्हणून नाही. जिथं तू झोपला होतास, जिथं मी नऊ वर्षं झोपले, तिथं कागदावर मोकळी हवा होती.

मी तो कागद तुझ्यासमोर धरला.

"सुभाष, ही खोली नकाशात न्हाई."

तू मान हलवलीस.

"सगळी खोलीच बेकायदा होती, तर ओटा असला काय न् नसला काय. पाडायची तर सगळीच पडली असती. मग ओटा कामून फोडलास?"

तुझा आवाज तेव्हा कुजबुजीएवढा राहिला होता. तू खोटं बोलू शकला असतास. मी मानलं असतं. कचेरीतले बोलले म्हणून, असं म्हणाला असतास तरी चाललं असतं, ते तर मीच तुझ्यासाठी रचून ठेवलं होतं. पण तू मरणाच्या दारात खरं बोलायचं ठरवलंस.

"चूल वेगळी झाली की हिस्सा वेगळा मागता येतो, आक्का. उद्या तू म्हणली असतीस, मी हितं वेगळी राहते, माझं बिऱ्हाड हाय. अमोलला तरास झाला असता."

"मी मागितला असता?"

तू छताकडं बघितलंस.

"न्हाई," म्हणालास. "पण मागता आला असता."

नऊ वर्षं तू मला कागदावरची एक शक्यता म्हणून बघितलंस. डबा पाठवणारी, कडेवर घेणारी, ते सगळं तुला माहीत होतं, आणि तरी मोजताना तू ते धरलं नाहीस. आंधळा असतास तर बरं होतं. तू बघून केलंस.

मी शेगडी उचलली आणि पुन्हा माळ्यावर टाकली.

आता पुढचं मी कुणालाच सांगितलेलं नाही. सुनीताला नाही, देवापुढंही नाही.

मी तुझं कढण आतल्या स्वयंपाकघरात करायला लागले. वाटीत ओतायचे आणि अंगण ओलांडून आणायचे. थंडीचे दिवस. दुसऱ्या दिवशी तू म्हणालास, "आक्का, हितंच शेगडी ठेव ना. गरम दोन घोट गेले की घशाला बरं वाटतंय."

"शेगडी ठेवली की दुसरं बिऱ्हाड होतंय, सुभाष."

तू डोळे मिटलेस. तुला वाटलं असेल, एकदा बोलून मोकळी होईल. मी झाले नाही. तू रोज मागितलीस आणि मी रोज तेच वाक्य, त्याच आवाजात म्हणाले. कधी कधी वाटी भरल्यावर मी अंगणात मुद्दाम उभी राहायचे. तुळशीपाशी उभी राहून वाफ जाताना बघायचे. वर साय धरली की मग आत यायचे. डॉक्टरांनी फार कढत देऊ नका म्हणून सांगितलं होतं, त्यामुळं कुणाला काही कळलं नाही. सुनीता तर म्हणायची, आक्का किती जपून निववून देतात.

एकदा तू घोट घेऊन म्हणालास, "थंड हाय गं." लहानपणी म्हणायचास तसं.

मी म्हणाले, "थंडच असतंय. मी नऊ वर्षं थंडच खाल्लंय."

त्यावर तू वाटी संपवलीस. पुरी संपवलीस, घोटाघोटाला मान आखडत होती तरी. मला आजही समजत नाही, ती शिक्षा म्हणून संपवलीस का भूक होती म्हणून. विचारता आलं असतं, नाही विचारलं. पुढच्या वाटीला मी पुन्हा तुळशीपाशी उभी राहिले.

असे बावीस दिवस गेले. तेविसाव्या सकाळी तू डोळ्यांनीच खुणावलंस, आंबील पाहिजे. मी आत गेले. सुनीताचं दूध गॅसवर होतं, ते उतरेपर्यंत थांबले. आंबील झाली. वाटी घेऊन अंगणात आले. त्या सकाळी मी उभी राहिले नाही, एवढं तरी तू मान. गेल्या पावली सरळ आले. दारातून बघितलं तर तुझा हात बाजेखाली लोंबत होता आणि तोंड दाराकडं होतं. किती वेळ तू दाराकडं बघत होतास, ते मला कळायचा आता काही मार्ग नाही. शेगडी खोलीत असती तर मी तुझ्यापासून दोन हातांवर असते. हे मला कुणी सांगायला नको. वाटी माझ्या हातात होती, आणि आंबील अजून गरम होती.

रडणं, आंघोळ, तिरडी, सगळं झालं. मी रडले नाही. बायका म्हणाल्या, आक्काचा धीर मोठा.

शांताबाई भेटायला आली, तीच बाजारामागच्या गल्लीतली. मला वाटलं बोलणार आता. ती शेजारी बसली आणि म्हणाली, "लय ताठ माणूस. रिटायर झाले त्या आठवड्यात आमी वटा पुना घालून घेतला बगा." मला हसू आलं. पदराआड तोंड करून हसले मी, तुझ्या दहाव्याला. ती जाताना माझ्या खोलीकडं बघून म्हणाली, "कधी हितं बेजार झालात तर मागची खोली रिकामी हाय आमची. या."

महिना झाल्यावर अमोल माझ्यासमोर येऊन बसला. तुझ्यासारखाच बसतो, गुडघ्यावर हात ठेवून.

"आत्या, मागची खोली भाड्यानं द्यावी म्हणतो. नर्सिंगच्या दोन पोरी यायला तयार हायेत. तू पुढच्या खोलीत झोपत जा की."

"बरं," मी म्हणाले.

"त्यांना तेवढा खिडकीखाली ओटा घालून पाहिजे. मिस्त्रीला सांगितलंय."

त्याला ठाऊक नव्हतं. त्याचा काही दोष नाही, तो तेव्हा कॉलेजात होता. तू त्याच्यासाठी जे राखलंस ते त्याला फुकट मिळालं, आणि फुकट मिळालेल्याचा इतिहास कुणी विचारत नाही. मी "बरं" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी कागद घेऊन तुझ्या कचेरीत गेले.

तुझ्या खुर्चीवरचा, तेराव्याला रडलेला, उठून उभा राहिला. मी अर्ज पुढं केला. अमुक प्लॉटच्या मागील सोडायच्या जागेत विनापरवाना खोली बांधलेली आहे, मंजूर नकाशात नाही, तरी कारवाई व्हावी. अक्षर सुवाच्य आहे माझं, तीस वर्षं रजिस्टरं लिहिली आहेत. त्यानं दोनदा वाचला.

"मावशी, पण तुमी राहता तीच ही खोली ना?"

"राहण्याची खोली कशाला म्हणायचं तुमच्या पुस्तकात?"

त्यानं अडखळत सांगितलं. साडेनऊ चौरस मीटरहून कमी चालत नाही, उजेड-वारा इतका पाहिजे. मग स्वतःच थांबला. माझी खोली त्यात बसत नव्हती हे त्याच्या ध्यानात आलं.

"साहेबांच्या घरावर मी नोटीस काढू?" त्याचे डोळे भरून आले होते. "माझ्या हातून न्हाई व्हायचं, मावशी."

"साहेबांनी काढली असती," मी म्हणाले.

त्यानं मान खाली घातली आणि अर्जावर आवक क्रमांक घातला.

मला माहीत आहे हे काय आहे. न्याय बिय काही नाही. जी खोली मला पुरी मिळाली नाही ती कुणालाच मिळू नये, एवढंच. तू मला हिशोबात धरलंस तसं मी तुला धरलं. तुझ्याच पुस्तकातून, तुझ्याच टेबलावरून. तू असतास तर अर्जात काना-मात्रेची चूक काढली असतीस आणि मग मंजूर केला असतास. आपण दोघं एकाच आईचे आहोत, सुभाष. ती गेली तेव्हा तू लहान होतास म्हणून तुला तिचा स्वभाव माहीत नाही. मला आठवतो.

आणि तरी सांगते, रोज सकाळी ज्वारीचं पीठ पाण्यात कालवायला हात जातो. पीठ भिजवल्यावर कळतं की आता कुणाला नको आहे. मग ते मीच पिते.

आज दुपारी तुझ्या कचेरीचा शिपाई नोटीस घेऊन आला. घर अजून तुझ्याच नावावर आहे, म्हणून नोटीस तुझ्या नावानं निघाली. पुढं श्री. लावलंय, कैलासवासी लिहायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. सुनीता आत पडली होती. अमोल मानवतला गेला होता. शिपायानं पोचपावती पुढं केली.

"घेणाऱ्याची सही करा. आन् हितं नातं लिवा."

मी सही केली. नात्याच्या रकान्यापाशी पेन थांबलं. शिपाई तुला ओळखत होता, मला ओळखत होता, पण त्याला कागदावर पाहिजे होतं. मी लिहिलं : बहीण. दोन अक्षरं झाली आणि तिसरं काढताना मला दिसेना. तू गेल्यापासून पहिल्यांदा रडू आलं, ते असं दारात, परक्या माणसासमोर. पावती ओली व्हायला लागली तशी त्यानं ती हळूच काढून घेतली.

"रडू नगा, आक्का," तो म्हणाला. "खोलीच हाय. दुसरी मिळंल."

मी मान हलवली आणि दार लावून घेतलं.